थांबला तो वाकला: भट्टीतल्या रोलरच्या डिझाइनबद्दल

प्रश्न थोडक्यात असा आहे. एका हीट ट्रीटमेंट शॉपमध्ये गॅसवर चालणारी रोलर हार्थ फर्नेस आहे, म्हणजे फिरत्या रोलरवरून माल पुढे सरकवणारी भट्टी. फोर्जिंगचे जॉब ट्रेमध्ये भरून ९५० अंश सेल्सिअसला नॉर्मलायझिंग होतं (तापवून हवेत थंड करणं). रोलर एसएस ३१० या उष्णतारोधक स्टेनलेसच्या चार इंची पाइपचे, शेड्यूल ४० (पाइपच्या जाडीचा वर्ग). भट्टी आतून ९०० मिमी रुंद, भिंती २३० च्या, बेअरिंग ते बेअरिंग १६०० मिमी. रोलर वर्ष-दीड वर्षात वाकतात आणि सरकत्या, म्हणजे ड्राइव्ह नसलेल्या, बाजूची बेअरिंग त्याच्याही आधी जातात. आता एका नव्या जॉबसाठी तापमान १००० वर न्यायचं आहे. विचारणारे म्हणतात, "यापेक्षा चांगलं मटेरियल कोणतं घेऊ?"

मटेरियलबद्दल सांगतोच, पण आधी मी उलटा प्रश्न विचारतो. तुमच्याकडे लाइट गेली की रोलर पुन्हा फिरायला किती वेळ लागतो? हा प्रश्न मी आजवर बऱ्याच ठिकाणी विचारला आहे आणि बहुतेक ठिकाणी उत्तर येतं, "लगेच, डीजी (डिझेल जनरेटर) आहे ना." मग मी मोबाइलवर वेळ लावून मेन स्विच पाडायला सांगतो. तेव्हा चेहरे बदलतात.

आपल्याकडे म्हणतात ना, थांबला तो संपला. रोलर हार्थ भट्टीत ही म्हण शब्दशः खरी आहे. फिरता रोलर गरमीत बराच काळ तग धरतो, कारण त्याची जी बाजू आत्ता खाली ताणात आहे तीच अर्ध्या फेरीनंतर वर दाबात जाते. धातू एका बाजूला सरकायला लागतो न लागतो तोच फेरी बदलते. रोलर उभा राहिला की वजन एकाच दिशेने खेचत बसतं, आणि ९५० अंशांवर पोलाद घट्ट मधासारखं वागतं, हळूहळू पण न चुकता खाली उतरतं. त्यात वरून थंड जॉब बसलेला असेल, किंवा खालून बर्नरची आच लागत असेल, तर एक बाजू जास्त गरम होते. हिशोब करून बघा. ११४ मिमी व्यासाच्या रोलरच्या वरच्या आणि खालच्या बाजूत फक्त ५० अंशांचा फरक पडला, तर १६०० मिमी लांबीत मधोमध अडीच मिमीचा बाक येतो. हा बाक तात्पुरता असतो, फिरवलं की जातो. पण तो आलेला असताना ट्रेचं सगळं वजन उंच राहिलेल्या शेजाऱ्यांवर जातं, आणि मग त्यांचा झोळ कायमचा होतो.

एका फोर्जिंग शॉपमधली गोष्ट. गुरुवार होता. पुण्याच्या औद्योगिक पट्ट्यात गुरुवार म्हणजे सुट्टीचा आणि महावितरणच्या दुरुस्तीचा वार. भट्टी पेटती ठेवली होती, ८५० वर, शुक्रवारी सकाळी पुन्हा चढवायला वेळ लागू नये म्हणून. लाइट गेली. डीजी वीस सेकंदांत लागला, दिवे आले, ब्लोअर आले. ऑपरेटर बर्नर पुन्हा लावायला धावला, कारण त्याला तेच शिकवलेलं होतं. रोलरच्या ड्राइव्हची व्हीएफडी (मोटरचा वेग सांभाळणारा कंट्रोलर) मात्र ट्रिप होऊन तशीच राहिली. लाइट आल्यावर ती आपोआप सुरू व्हावी अशी सेटिंग कुणी केलेलीच नव्हती. पाऊण तासाने कुणाच्या तरी लक्षात आलं की चेन हलत नाही. त्या पाऊण तासात जे रोलर वाकले, त्यांच्या किमतीत दहा यूपीएस आले असते.

म्हणून माझ्या ड्रॉइंगमध्ये रोलरच्या आधी तीन गोष्टी येतात. पहिली, ड्राइव्ह मोटर आणि तिचा कंट्रोल वेगळ्या छोट्या यूपीएसवर. मोटर तशी लहानच असते, एक-दोन किलोवॅटची, खर्च फार नाही. दुसरी, गिअरबॉक्सच्या मागच्या शाफ्टला चौकोनी टोक आणि शेजारीच खुंटीला साखळीने बांधलेलं हँडल. साखळी लावाच, नाहीतर ते हँडल टूलरूममध्ये जातं आणि परत येत नाही. तिसरी, डिस्चार्जचा दरवाजा अडकला किंवा क्वेंच (जॉब बुडवून थंड करायची टाकी) भरलेला असला, तर रोलर थांबण्याऐवजी पुढे-मागे डोलत राहावेत अशी व्यवस्था. हे डोलणं किती असावं यात एक बारीक गोम आहे. प्रत्येक वेळी बरोबर एक पूर्ण फेरी पुढे आणि एक फेरी मागे असं केलं, तर रोलर दिशा बदलायला दर वेळी त्याच कोनात क्षणभर थांबतो. म्हणून पुढे सव्वा फेरी आणि मागे एक, असं काहीतरी विषम ठेवावं. ट्रे हळूहळू पुढे सरकतो, त्यासाठी शेवटी थोडी जागा मोकळी ठेवावी लागते.

आता रोलरकडे येऊ.

तुमच्या आकड्यांवरून ताण काढतो. मीटरमागे २०० किलो माल आणि रोलरचा पिच (दोन रोलरमधलं अंतर) ३०० मिमी धरला, तर एका रोलरवर ६० किलो येतात. पण सगळे रोलर एका पातळीत कधीच नसतात, त्यामुळे मी नेहमी दुप्पट धरतो, १२० किलो. हे वजन मधल्या ८०० मिमीवर पसरलेलं आहे. म्हणजे मध्यभागी बेंडिंग मोमेंट (वाकवणारा जोर) साधारण ३५३ न्यूटन-मीटर. शेड्यूल ४० च्या चार इंची पाइपची जाडी ६ मिमी, पातळ नळीच्या सूत्राने त्यावर हा ताण ६.४ एमपीए (मेगापास्कल). रोलरच्या स्वतःच्या वजनाचा आणखी ०.९. एकूण सव्वासात एमपीएच्या आसपास.

गावाकडच्या लोखंडाच्या हिशोबात सात एमपीए म्हणजे काहीच नाही, साध्या अँगलवर आपण शंभरच्या पुढे सहज जातो. पण ९५० अंशांवर ३१० ची गोष्ट वेगळी आहे. तिथे आपण यील्ड बघत नाही, क्रीप बघतो, म्हणजे तेवढ्याच ताणाखाली दहा हजार तासांत धातू किती ओघळेल ते. या तापमानाला रोल केलेल्या ३१० साठी मी ३ एमपीएच्या वर जायला तयार नसतो. तुम्ही दुपटीच्या पुढे आहात. तरी रोलर दीड वर्ष टिकतात ते केवळ फिरते आहेत म्हणून.

यावर पहिला विचार मनात येतो तो जाडी वाढवायचा. सगळ्यांच्याच येतो, माझ्याही आला होता. पण पातळ नळीचं गणित मांडून बघितलं तर एक मजेशीर गोष्ट दिसते. स्वतःच्या वजनाने येणारा ताण जाडीवर अवलंबूनच नसतो. जाडी दुप्पट केली की ताकद दुप्पट होते, वजनही दुप्पट होतं, फिट्टमफाट. तो ताण फक्त लांबीच्या वर्गाने वाढतो आणि व्यासाने कमी होतो. मालाच्या वजनासाठी जाडीचा फायदा होतो, पण व्यासाचा जास्त होतो. त्याच ११४ मिमीच्या रोलरची जाडी ६ वरून १२ केली, तर एकूण ताण साडेचार एमपीएवर येतो आणि रोलरचं वजन मीटरमागे ३० किलो होतं. तेवढ्याच हिशोबात बाहेरचा व्यास १५० आणि जाडी फक्त ८ घेतली, तर ताण साडेतीनवर येतो आणि वजन मीटरमागे २८ किलो. कमी धातूत जास्त काम. महागड्या निकेलच्या मिश्रधातूचं बिल किलोवर येतं हे लक्षात घेतलं, तर हा फरक खरेदी खात्यालाही आवडतो.

मी तुमच्या जागी १५० व्यास आणि १० जाडी घेईन. ताण ३ एमपीएवर येतो. वरचे दोन मिमी पोपडे निघण्यासाठी. मात्र व्यास वाढवल्यावर भिंतीतली भोकं मोठी करावी लागतील, रोलरचा माथा त्याच उंचीवर ठेवायला बेअरिंगची बैठक खाली घ्यावी लागेल, आणि खालच्या बर्नरची ज्योत रोलरला चाटत नाही ना हे पुन्हा बघावं लागेल.

या शेवटच्या मुद्द्यावर जरा थांबतो. पॅनेलवर ९५० दिसतं ते छतातून खाली आलेल्या थर्मोकपलचं, म्हणजे तापमान मोजणाऱ्या तारेचं. ज्योतीसमोरचा रोलर त्यापेक्षा कितीतरी गरम असू शकतो. आणि क्रीपमध्ये तापमानाची किंमत भयंकर आहे. लार्सन-मिलरच्या सूत्रात (क्रीपमधलं आयुष्य आणि तापमान यांचं नातं सांगणारं) नेहमीचा स्थिरांक २० धरून बसवून बघा. ९५० ला दहा हजार तास टिकणारा रोलर ९७५ ला सुमारे तेहतीसशे तासांवर येतो. २५ अंशांत आयुष्य एक तृतीयांश. तुम्हाला १००० वर जायचंय. तेच सूत्र ५० अंशांसाठी लावलं तर आयुष्य नवव्या हिश्शावर येतं. म्हणजे दीड वर्षाचे रोलर दोन महिन्यांचे. तेव्हा १००० चा जॉब घेताना आहे तेच रोलर "बघू, जमेल" म्हणून वापरू नका.

आता मटेरियल. ३१० आणि एचके-४० (ओतीव उष्णतारोधक ग्रेड) या दोघांची रेसिपी शेजारी ठेवली तर क्रोमियम २५ च्या आसपास, निकेल २० च्या आसपास, जवळजवळ सारखीच. फरक कार्बनचा. बाजारात ३१० म्हणून बहुतेकदा ३१०एस मिळतं, त्यात कार्बन जास्तीत जास्त ०.०८ टक्के. एचके-४० मध्ये ०.३५ ते ०.४५. तो कार्बन कार्बाइडच्या जाळीच्या रूपात दाण्यांच्या सीमांवर बसतो आणि गरम धातूला सरकू देत नाही. वेल्डिंगला सोपं पडावं म्हणून ज्या कार्बनला आपण हाकलून लावतो, त्याचाच इथे उपयोग आहे. म्हणूनच पाइप विकत आणून रोलर बनवण्यापेक्षा सेंट्रिफ्युगल कास्टिंगची, म्हणजे फिरत्या साच्यात ओतलेली, नळी घ्यावी. एएसटीएम ए६०८ हे अशा नळ्यांचं मानक आहे आणि ए२९७ साध्या उष्णतारोधक कास्टिंगचं, ट्रे आणि ट्रनियन (बेअरिंगवर टेकणारी रोलरची टोकं) यांच्यासाठी.

९५० साठी एचके-४० पुरेल. १००० साठी सोकिंगच्या, म्हणजे माल पूर्ण तापमानाला मुरवण्याच्या, शेवटच्या दोन झोनमध्ये मी एचपी हा ग्रेड घेईन, नायोबियम घातलेलं, २५ क्रोमियम आणि ३५ निकेल. प्रीहीटच्या झोनमध्ये एचके-४० राहू द्या. सगळी भट्टी एकाच मटेरियलने भरायचा हट्ट धरू नये, महाग पडतं. फक्त दोन्हीचे रोलर दिसायला सारखेच असतात, म्हणून ट्रनियनच्या टोकावर ग्रेड आणि हीट नंबर (कोणत्या ओतकामातला ते सांगणारा) पंच करून घ्या. रंग मारून उपयोग नाही, पहिल्या आठवड्यात उडतो.

निकेल जास्त म्हणजे चांगलं, असं मात्र सरसकट धरू नका. तुमची भट्टी पीएनजीवर आहे म्हणून ठीक. फर्नेस ऑइलवर असती तर मी हात आखडता घेतला असता. त्यातलं गंधक निकेलला खातं. निकेल आणि निकेल सल्फाइड यांचं मिश्रण ६४० अंशांच्या आसपास वितळतं आणि धातूच्या दाण्यांमधून आत शिरतं. तेलात व्हॅनेडियम असेल तर त्याचं ऑक्साइड ६९० ला वितळून वरचा संरक्षक थरच धुऊन नेतं. गंधकाच्या भट्टीत क्रोमियम जास्त आणि निकेल कमी असलेला एचएचसारखा ग्रेड बरा. उलट कार्बुरायझिंगच्या वातावरणात, म्हणजे पोलादाला कार्बन देणाऱ्या एंडोगॅसमध्ये, निकेल जास्त लागतं, कारण क्रोमियम कार्बनशी संसार थाटून बसतं आणि ऑक्सिडेशनसाठी उरतच नाही.

३१० ची आणखी एक खोड. ६०० ते ९०० अंशांच्या पट्ट्यात बराच काळ राहिलं की त्यात सिग्मा फेज तयार होते. गरम असताना काही कळत नाही, पण भट्टी थंड केली की तोच धातू काचेसारखा ठिसूळ. रोलरचा भिंतीतून जाणारा भाग नेमका याच पट्ट्यात असतो. शटडाउनमध्ये काढलेला रोलर शॉप फ्लोअरवर आपटला आणि टोकाशी तुकडा पडला, असं झालं की लोक वेल्डरला शिव्या घालतात. बिचाऱ्याचा दोष नसतो. जुने रोलर थंड असताना हातोडा मारून सरळ करायला जाऊ नका.

कास्टिंग घेताना काय बघायचं? सेंट्रिफ्युगलमध्ये हलका मळ आणि वायू आतल्या बाजूला गोळा होतात, त्यामुळे आतला थर स्पंजासारखा असतो. काही फौंड्र्या तो तसाच ठेवतात आणि जाडीच्या हिशोबात धरतात. ड्रॉइंगवर स्पष्ट लिहा: "आतून बोअर करून निरोगी धातूची जाडी १० मिमी." दोन्ही टोकांना व्हर्नियर लावून बघा. बाहेरून एकाच झोनचे सगळे रोलर अर्ध्या मिमीच्या आत सारख्या व्यासाचे हवेत, नाहीतर सारख्या फेऱ्यांना परीघ वेगळा पडतो आणि ट्रे एका रोलरवरून घसटत, दुसऱ्यावर अडखळत जातो. रनआऊट (फिरताना किती डुलतो ते) डायल लावून बघा, नव्या रोलरला मध्यभागी ०.५ मिमी मी सोडतो, त्याच्या वर परत.

नळीला ट्रनियन जोडणारा शंकू हा रोलरचा सगळ्यात नाजूक भाग. वेल्डिंगचा सांधा गरम कोठडीत ठेवू नका, भिंतीच्या जाडीत ढकला. जाडी एकदम बदलू नका, उतार द्या. वेल्डचा तळाचा पहिला थर टिग वेल्डिंगने करा आणि फिलर कार्बनमध्येही जुळणारा वापरा, साध्या ३१० च्या रॉडने केलेला सांधा क्रीपमध्ये मूळ धातूपेक्षा कमजोर राहतो.

आणि पोकळ रोलरला श्वास घ्यायला भोक ठेवा. दोन्ही बाजूंनी बंद नळी ९५० वर नेली की आतल्या हवेचा दाब चौपट होतो. त्यानेही कदाचित निभावेल, पण आत पाणी असेल तर नाही. एका ठिकाणी नवे रोलर बसवले, त्यांपैकी एकाला ३ मिमीचं भोक मारायचं राहिलं होतं आणि आत मशीनिंगचं कूलंट. भट्टी चढत असताना चारशेच्या आसपास असा आवाज झाला की कँटीनमधून माणसं धावत आली. शंकूचा सांधा उघडला होता, वेल्डमधून वाफ शिट्टी मारत होती. कुणाला लागलं नाही, हे नशीब. तेव्हापासून भोक आहे की नाही ते मी स्वतः तार घालून बघतो. भोक बाहेरच्या टोकाला, ट्रनियनच्या तोंडावर असावं, कोठडीत नाही.

आता तुमची बेअरिंग. सरकत्या बाजूचीच जातात हे तुम्ही लिहिलंय, त्यामुळे माझा अंदाज असा आहे. ९०० मिमीचा गरम भाग ९५० पर्यंत तापताना साधारण १५ मिमी वाढतो, भिंतीतले भाग आणखी तीन-चार. एकूण १८ ते २० मिमी. रोलर एका बाजूला, ड्राइव्हच्या बाजूला, पक्का हवा आणि दुसऱ्या बाजूला सरकता. तुमच्याकडे सरकती बाजू नावालाच सरकती असावी. बेअरिंग हाउसिंगमध्ये सरकायला जागा असते, पण भट्टीची धूळ आणि जळलेलं ग्रीस यांचा काळा डांबरी लगदा होऊन ती जाम होते. मग रोलर ढकलतो, बेअरिंग आडवा भार झेलतं आणि बॉल एकाच कडेवर चालू लागतात. काढलेल्या बेअरिंगची बाहेरची रेस पुसून बघा, एका बाजूला सरकलेला चकचकीत पट्टा दिसला तर हेच कारण. माझी पसंती सरकत्या बाजूला बेअरिंगऐवजी दोन छोटी चाकं, त्यावर ट्रनियन नुसतं टेकलेलं. सरकायला रस्ता मोकळा, आणि रोलर बदलायचा झाला तर चालू भट्टीत सरळ ओढून काढता येतो. दिसायला ओबडधोबड असतं, म्हणून सल्लागारांना आवडत नाही. भट्टीत वातावरण राखायचं असेल तर सील जरा अवघड होतं, तेव्हा ग्लँड (शाफ्टभोवतीचं पॅकिंग) लावावी लागते.

दुसरं कारण आतून येणाऱ्या झळीचं. पोकळ रोलर म्हणजे भट्टीतून बेअरिंगकडे जाणारा उष्णतेचा बोगदा. आतल्या लालबुंद पृष्ठभागाची किरणं सरळ नळीतून ट्रनियनपर्यंत जातात. मी नोकरीत नवीन असताना बेअरिंगचं तापमान का उतरत नाही म्हणून दोन दिवस बाहेरून पंखे लावत बसलो होतो. तिसऱ्या दिवशी एक जुने फिटर आले, रोलरच्या टोकाला हात न लावता नुसतं वाकून बघितलं आणि म्हणाले, "साहेब, नळीत कापूस भरलाय का?" कापूस म्हणजे सिरॅमिक फायबरचं ब्लँकेट. भरलेला नव्हता. भिंतीच्या जाडीएवढ्या भागात नळी ठासून भरली, पुढे एक पातळ पत्र्याची चकती लावली, आणि बेअरिंग हाताला सोसवेल इतकं खाली आलं. चकती लावायला विसरू नका, नाहीतर रोलर फिरता फिरता तो कापूस हळूहळू मध्ये जाऊन बसतो. आणि भरताना श्वासाचं भोक बुजवू नका.

बाकी बेअरिंगबद्दल: भट्टीचा बाहेरचा पत्रा (शेल) आणि हाउसिंग यांच्यामध्ये हवा खेळायला १०० मिमी तरी मोकळी जागा, मध्ये पत्र्याची ढाल, बेअरिंग सी३ किंवा सी४ क्लिअरन्सचं (आतली फट नेहमीपेक्षा जास्त), आणि साधं लिथियम ग्रीस नको, पॉलियुरिया घ्या. पाण्याने थंड होणारं ट्रनियन सुचवतील, तुमच्या तापमानाला त्याची गरज नाही. गॅसवर कमावलेली उष्णता पाण्यात सोडायची आणि वर गळतीची कटकट.

ड्राइव्हला रोलर ते रोलर अशा छोट्या जोड-चेन लावा. एकच लांब चेन सगळ्या स्प्रॉकेटवरून जाते तेव्हा प्रत्येकाला दोन-तीन दातच मिळतात, आणि ती तुटली की सगळी भट्टी उभी. जोड-चेनमध्येही एक तुटली तर पुढचे रोलर थांबतात, म्हणून लाइन दोन-तीन गटांत तोडून प्रत्येक गटाला वेगळी मोटर द्यावी. ट्रेखाली कायम निदान तीन रोलर हवेत. तुमचा पिच ३०० असेल तर ९०० पेक्षा छोटा ट्रे चालवू नका, नाहीतर पुढचं नाक खाली झुकतं आणि प्रत्येक रोलरला धडक देत जातं.

सिरॅमिक रोलर का नकोत, असंही कुणीतरी विचारेलच. मोरबीच्या टाइल्सच्या भट्ट्या १२०० च्या आसपास अॅल्युमिना-म्युलाइटच्या रोलरवरच चालतात, आणि छान चालतात. तिथे माल हलका असतो, सपाट असतो आणि एका ओळीत शांतपणे जातो. त्या रोलरला क्रीप जवळजवळ नाही, पण धक्का सहन होत नाही. तुमचा ट्रे फोर्जिंगने भरलेला, क्रेनने ठेवलेला. एक ट्रे जोरात टेकला की रोलरचे दोन तुकडे, आणि ते तुकडे खाली पडून शेजारच्याला अडकवतात. ११०० च्या वर जायचं असतं आणि माल सपाट असता तर मी स्वतःच सिरॅमिक सुचवलं असतं. सिलिकॉन कार्बाइडचे रोलर जास्त मजबूत असतात, पण ज्यात सुटं सिलिकॉन असतं ते १४१४ ला वितळतं, त्यामुळे त्यांचीही मर्यादा आहे. काच टेम्परिंगच्या भट्टीत फ्यूज्ड सिलिकाचे रोलर असतात ते वेगळ्याच कारणासाठी. ते तापून जवळजवळ वाढतच नाहीत, म्हणून सरळ राहतात आणि काचेवर लाट उमटत नाही.

नवे रोलर बसवल्यावर भट्टी पेटवण्याआधी चेन चालू करा, आणि बंद करताना तापमान ४०० च्या खाली येईपर्यंत रोलर फिरते ठेवा. शनिवारी संध्याकाळी घाई असते, ऑपरेटर सातशेला ड्राइव्ह बंद करून घरी जातो. इंटरलॉक लावा, माणसावर सोडू नका. पातळी गरम भट्टीत बघता येत नाही, म्हणून थंड असताना सगळ्यांचे माथे अर्ध्या मिमीत आणा आणि महिन्याभराने पहिल्या शटडाउनला पुन्हा दोरी लावा, बैठका थोड्या बसलेल्या असतात.

वाकलेले जुने रोलर अजून आवारात असतील तर भंगारवाल्याला देऊ नका. ३१० ला भाव चांगला येतो, मोह होईल, पण आधी एक रोलर मधोमध आणि एक भिंतीजवळ कापा, आणि जाडी चार बाजूंनी मोजा. मध्ये ५ मिमीच्या वर शिल्लक असेल तर तुमचा रोलर जळालेला नाही, ओघळलाय, आणि वर सांगितलेलं यूपीएस आणि व्यासाचं काम आधी करा. तीन-साडेतीनवर आला असेल आणि तोही फक्त एका झोनमध्ये, तर त्या झोनचा खालचा बर्नर बघा. ज्योत रोलरवर येतेय. अशा बर्नरपुढे एचपीसुद्धा फार दिवस टिकणार नाही.